सुट्टीत बँडची वाद्यं घरी जाऊ द्या: नाशिकच्या मुख्याध्यापकांना खुलं पत्र

सन्माननीय मुख्याध्यापक आणि संस्थाचालक,

सप्रेम नमस्कार.

मी नाशिकमधल्या काही शाळांत मानधनावर बँड शिकवतो. वार्षिक परीक्षा तोंडावर आल्यात, शाळेत कोणाला मान वर करायलाही फुरसत नाही, हे मला दिसतंय. तरी आत्ताच लिहितोय, कारण मे उजाडल्यावर या पत्राचा काही उपयोग नाही. मागणी एकच आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत बँडची वाद्यं कपाटात बंद करून ठेवू नका. ज्या मुलाला जे वाद्य दिलंय, ते त्याच्या घरी जाऊ द्या.

सध्या काय होतं ते तुम्हाला माहीत आहेच, तरी एकदा ओळीने मांडतो. २६ जानेवारीचं संचलन झालं की वाद्यं आत जातात. फेब्रुवारीपासून बोर्डाच्या परीक्षा. शाळा केंद्र असेल तर मैदानावर आवाज चालत नाही, म्हणून तालीम बंद. मग वार्षिक परीक्षा, मग सुट्टी. जूनच्या मध्यावर शाळा उघडते, पण प्रवेश, पुस्तकं, गणवेश आणि पाऊस यांत जुलै संपतो. ऑगस्ट लागला की मला फोन येतो, ‘सर, पंधरा ऑगस्ट जवळ आला, पोरांना जरा तयार करा.’ मधले सहा महिने बहुतेक मुलांनी वाद्याला हातही लावलेला नसतो. आणि ‘जरा तयार’ करायला हातात दहा-बारा दिवस असतात, त्यातले निम्मे पावसाचे.

या सहा महिन्यांत नेमकं काय जातं, ते बँडबाहेरच्या माणसाला सहज दिसत नाही. बिगुलाचंच घ्या. बिगुलाला ना पिस्टन, ना भोकं. नळीची लांबी ठरलेली. वाजवणारा फक्त ओठांचा ताण आणि फुंकरीचा जोर बदलतो, आणि तेवढ्यावर पाच सूर काढतो. आपल्या भाषेत सांगायचं तर खालचा सा, प, वरचा सा, त्याच्यावरचा ग आणि प. बिगुलावरच्या इशाऱ्यांच्या साऱ्या धुना या पाच सुरांत बसतात. म्हणजे सगळी मदार ओठांभोवतीच्या स्नायूंवर. आठवीतल्या मुलाचे हे स्नायू रोजच्या सरावाने दोन-तीन महिन्यांत तयार होतात, आणि सराव थांबला की काही आठवड्यांतच सैल पडायला लागतात.

ऑगस्टमध्ये तो मुलगा पुन्हा रांगेत उभा राहतो तेव्हा त्याच्याकडे जवळून बघा. जानेवारीत वरचा प सहज धरणारा हा पोरगा आता तोच सूर लावायला माउथपीस, म्हणजे वाद्याचा ओठांना लावायचा भाग, ओठांवर दाबतो. गाल फुगतात. ओठांच्या कोपऱ्यांतून हवा फसफसते. सूर लागतो, पण त्यात अर्धी हवाच असते. मग तो आणखी दाबतो, वरचा ओठ दातांवर चेमटतो, आणि पंधरा मिनिटांत ओठांवर माउथपीसचा लाल गोल उठतो. दातांना तार बसवलेली असेल तर आतून ओठ कापतोही. दोन दिवसांनी तो येऊन सांगतो, ‘सर, मला ड्रमवर घ्या.’ त्याला बिगुल आवडत नाही असं मुळीच नाही. त्याला दुखतंय. आणि दुखतंय ते सहा महिन्यांचं काम दहा दिवसांत उरकायला लावल्यामुळे.

ड्रमवर तरी वेगळं काय? साइड ड्रमची सगळी इमारत डाव्या हातावर उभी असते, आणि उजव्या हाताने लिहिणाऱ्या-जेवणाऱ्या मुलाचा डावा हात सवय मोडली की लगेच आळशी होतो. आम्ही पॅराडिडल शिकवतो, म्हणजे उजवा-डावा-उजवा-उजवा, डावा-उजवा-डावा-डावा. ऐकायला बालवाडीचा खेळ वाटतो. संचलनाच्या चालीत, मिनिटाला ११६ ते १२० पावलांच्या लयीत, पायाने कदमताल चालू ठेवून तो वाजवायला लावा, मग कळतं. जगभर ड्रमचे विद्यार्थी असेच मूलभूत बोल घोटतात. अमेरिकेतल्या पर्कसिव्ह आर्ट्‌स सोसायटीने १९८४ साली त्यांची ४० बोलांची यादी पक्की केली. आपल्या शाळेतल्या मुलाला त्यातले सहा-सात पक्के आले तरी आयुष्यभर पुरतील. पण ते पक्के होतात रोज थोडं-थोडं वाजवून, आणि ‘रोज’ म्हटलं की शाळा पुरत नाही, घर लागतं.

आणखी एक गोष्ट आहे, आणि माझ्या मते हीच सगळ्यात मोठी. बँड शिकवणारा मी एकटा नसतो. सातवीच्या मुलांना खरं शिकवतात ती नववीची मुलं. काठी कशी धरायची, पट्टा किती आवळायचा, बँडलीडरचा दंड वर गेला की श्वास कधी घ्यायचा, हे मोठ्यांकडून लहानांकडे जातं. पण नववीचा मुलगा दहावीत गेला की जूनमध्येच पालक त्याचं नाव बँडमधून काढतात. त्याबद्दल मी कोणाशी वाद घालत नाही. परिणाम मात्र असा की दरवर्षी जूनमध्ये माझी सगळ्यात तयार मुलं जातात, आणि ज्यांच्यावर बँडची भिस्त असते ती मुलं तेव्हा सुट्टीत सगळं विसरून आलेली असतात. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि पुढे बराच काळ बंद राहिल्या, तेव्हा ही साखळी अख्खीच तुटली. शाळा उघडल्यावर मुलं मैदानात आली ती जवळजवळ कोरी पाटी घेऊन. त्यातल्या त्यात ड्रमची काही मुलं टिकली होती, कारण त्यांच्या काठ्या चुकून घरी राहिल्या होत्या. त्या काठ्या परत आणल्या नाहीत म्हणून एरवी मी ओरडलो असतो.

आता तुमच्या अडचणींकडे वळतो. त्या खऱ्या आहेत, हे आधीच कबूल करतो.

पहिली अडचण डेडस्टॉकची. वाद्य डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत, चढवलेलं असतं. ते शाळेबाहेर गेलं आणि फुटलं, हरवलं, तर ऑडिटला उत्तर कोण देणार? साहेब, मॅडम, ग्रंथालयातली पुस्तकंही नोंदीवरच असतात आणि ती रोज घरी जातात. त्यासाठी देवघेवीची वही असते. तशीच एक वही वाद्यांची करा. वाद्याचा क्रमांक, मुलाचं नाव, नेतानाची स्थिती, पालकांची सही, परतीची तारीख. मोबाइलवर वाद्याचे चारही बाजूंनी फोटो काढून ठेवा, म्हणजे पोचा आधीचा की नंतरचा यावर भांडण नको. आणि एक विचारतो, कपाटात ठेवलेली वाद्यं सुखरूप राहतात का? ट्रम्पेटचे पिस्टन सहा महिने तेल न मिळता पडून राहिले की अडकतात. मग कोणीतरी पक्कड लावून ते उपसतं, आणि पुढचा खर्च पोच्याचा. क्लॅरिनेटच्या सांध्यांवरचं बूच कोरडं पडतं, रीडला, म्हणजे तोंडाशी बसवायच्या पातळ पट्टीला, बुरशी येते. ड्रमचा चामड्याचा पट्टा उंदीर कुरतडतात. मी वाद्यं दुरुस्तीला घेऊन जातो तेव्हा वापराने बिघडलेलं वाद्य क्वचितच असतं. पडून राहून बिघडलेली असतात.

शेजाऱ्यांची अडचण मला जास्त नाजूक वाटते. इंदिरानगर, सिडको, पाथर्डी फाटा, जिकडे बघावं तिकडे फ्लॅट. एका भिंतीपलीकडे कोणाचं तान्हं बाळ, दुसऱ्या भिंतीपलीकडे रात्रपाळी करून झोपलेला सातपूरचा कामगार. तिथे बिगुल फुंकणं म्हणजे भांडणाला आमंत्रण. (गणपतीच्या आधी महिनाभर ढोलपथकांचा सराव अख्खं शहर कौतुकाने ऐकतं, आणि त्याच शहरात एका मुलीच्या पंधरा मिनिटांच्या बिगुलावर सोसायटीच्या ग्रुपवर तक्रार पडते, याची मला गंमत वाटते. नाशिक ढोलाचा मी स्वतः भक्त आहे, तेव्हा गैरसमज नसावा.) पण यावर तोडगे आहेत, आणि ते वाजवणाऱ्यांनी कधीच शोधून ठेवलेत.

बिगुलवाल्या मुलाने पहिली पाच मिनिटं नुसता माउथपीस वाजवावा. त्याचा आवाज भुंग्यासारखा येतो, दाराबाहेरही फारसा जात नाही, आणि ओठांचं निम्मं काम त्यातच होतं. मग बिगुल जोडून खालचा सा आठ मात्रा धरायचा आणि आठ मात्रा विश्रांती. वाजवलं तेवढंच थांबायचं, हा नियम ओठांसाठी फार महत्त्वाचा आहे. आवाज दाबायचा असेल तर कपड्यांनी भरलेलं कपाट उघडावं आणि बिगुलाचं तोंड त्या कपड्यांकडे करून वाजवावं. आईच्या साड्या आणि बाबांचे कोट बराचसा आवाज पिऊन टाकतात. मी मुलांना हे सांगतो तेव्हा ती हसतात, पण करून बघतात आणि मग दुसऱ्यांना सांगत सुटतात.

साइड ड्रम तर घरी न्यायचीही गरज नाही. काठ्या आणि एक रबरी पॅड पुरतं. पॅड विकत घ्यायला नको, प्लायवूडच्या तुकड्यावर सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा ताणून ठोकला की झालं. उशीवरही वाजवावं, पण ते वेगळ्या कारणासाठी. उशीवर काठी उसळत नाही, प्रत्येक ठोका मनगटाने उचलावा लागतो, त्याने मनगट तयार होतं. रोल, म्हणजे सलग घरघरल्यासारखे जलद ठोके, मात्र पॅडवरच, कारण रोलला उसळी लागते. मोबाइलवर मेट्रोनोमचं, म्हणजे ठरलेल्या लयीत टिकटिक देणारं, फुकट ॲप मिळतं. मिनिटाला साठ ठोक्यांवर सुरू करावं, चुकत नाही याची खात्री झाली की चार-चारने वाढवावं. सुट्टी संपेपर्यंत १२० ला पोचलेला मुलगा ऑगस्टमध्ये मला देवासारखा वाटतो.

ज्या थोड्या शाळांत पाइप बँड आहे त्यांचं काम तर आणखी सोपं. बॅगपाइप शिकणारा सहसा घरी बॅगपाइप वाजवत बसत नाही. त्यासाठी प्रॅक्टिस चँटर नावाची एक बारीक नळी असते, तिचा आवाज लहान असतो आणि बोटं मात्र तीच, नऊ सुरांची. पिशवी शाळेत राहू द्या, चँटर घरी द्या. बास ड्रमही शाळेतच ठेवा. तो रिक्षात बसत नाही. बास ड्रमवाल्याने घरच्या गॅलरीत कदमताल करत मोठ्याने मात्रा मोजाव्यात. सगळ्या बँडची लय त्याच्या हातात असते, आणि ती लय पायात आधी बसावी लागते.

आणि ज्यांना मोकळ्या आवाजातच वाजवायचंय त्यांच्यासाठी या शहरात जागांची कमी नाही. सकाळी साडेसहाला गोल्फ क्लबच्या मैदानावर, गोदापार्कच्या कडेला किंवा तपोवनाकडे कोपरा धरून एखाद्या पोराने बिगुल वाजवला तर चालायला आलेले आजोबा थांबून ऐकतील, फार तर एखादी सूचना करतील. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत रात्री दहा ते सकाळी सहा ही रात्रीची वेळ धरली आहे, आणि त्या वेळेत उघड्यावर वाद्य वाजवायला बंदी आहे. तेवढं सांभाळावं. घरी मी मुलांना संध्याकाळी पाच ते सहा ही वेळ सांगतो, आणि शेजारी जाऊन स्वतः सांगून यायला लावतो, ‘काकू, मी शाळेच्या बँडमध्ये आहे, रोज पंधरा मिनिटं वाजवणार आहे, चालेल ना?’ असं विचारलं की काकू नाही म्हणत नाहीत. उलट महिनाभराने त्याच विचारतात, आज का वाजवलं नाहीस म्हणून.

पालकांना पत्राच्या या भागाची प्रत द्यावी, कारण वाद्याची काळजी शेवटी त्यांच्या घरात घ्यायची आहे. वाजवून झालं की आतलं पाणी काढून टाकायचं. ती थुंकी असते असं वाटून घरात नाकं मुरडली जातात, पण बहुतेक भाग श्वासातली वाफ थंड होऊन साचलेलं पाणीच असतं. माउथपीस कोमट पाण्याने आणि साध्या साबणाने धुवायचा. दोन भावंडांनी एकच माउथपीस वापरायचा नाही, आणि शाळेनेही दोन मुलांत एक देऊ नये. बिगुल आळीपाळीने वापरता येईल, माउथपीस ज्याचा त्याचाच हवा. ही बँडच्या सामानातली सगळ्यात स्वस्त वस्तू आहे. आणि हात जोडून विनंती, पितळ दिसलं म्हणून बिगुल पितांबरीने किंवा चिंचेने घासू नका. देवाची समई तशी घासतात, ठीक आहे. बिगुल-ट्रम्पेटवर लाखेसारखा पातळ थर असतो किंवा निकेलचा मुलामा असतो. तो घासून गेला की पितळ काळं पडत जातं. मऊ कोरड्या फडक्याने पुसा, बास. मे महिन्यात नाशिकचा पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा वाद्य गच्चीवर किंवा बंद गाडीत ठेवू नका, विशेषतः लाकडी क्लॅरिनेट. त्याला चीर गेली तर ती दुरुस्त करणं जाणकार कारागिराचंच काम असतं.

घरी वाद्य असण्याचा एक फायदा मला कोणत्याही तासाला शिकवता येत नाही. हवा गरम असली की फुंकून वाजवायच्या वाद्यांचा सूर किंचित चढतो, थंडीत उतरतो. जानेवारीत निफाडचा पारा बातम्यांत झळकत असतो, तेव्हा सकाळी सातच्या ध्वजवंदनाला आमची पितळी वाद्यं हमखास उतरलेली लागतात. वाजवायच्या आधी नळीतून नुसती गरम फुंकर घालत राहायची असते. ज्या मुलाने मेच्या दुपारी आणि पावसाळी संध्याकाळी आपलं वाद्य वाजवलेलं असतं, त्याला हे सांगावं लागत नाही, त्याचे कान आधीच ओळखतात. मी सांगून सांगून थकतो ते हेच.

अभ्यासाचं म्हणाल तर मी रोज पंधरा मिनिटं मागतोय. आठवड्यातून एक दिवस सुट्टी. गावी गेले तर काठ्या आणि माउथपीस बॅगेत बसतात. याहून जास्त मागितलं तर पालक माझ्यावर चिडतील आणि त्यांचं बरोबर असेल. मुलाला काय वाजवायचं ते मी अर्ध्या पानावर लिहून देतो: किती मिनिटं माउथपीस, किती लांब सूर, कोणता बोल कितीच्या लयीत. शेवटी राष्ट्रगीताची धून, जी ५२ सेकंदांत संपायला हवी. बिगुलावर ती वाजत नाही, त्याला तेवढे सूरच नाहीत. पण ट्रम्पेट, फ्लूट, क्लॅरिनेटवाल्यांनी घड्याळ लावून बघावी. आमचा बँड घाईत असला की ती लवकर संपते आणि दमला की रेंगाळते, आणि दोन्हींचं कारण श्वास हेच असतं. माझ्यासारखे जे बँड शिकवणारे इतर शाळांत जातात त्यांनाही सांगतो: ‘सराव करा रे’ एवढं म्हणून मुलं सराव करत नाहीत. काय करायचं ते लिहून द्या, आणि जूनमध्ये ते विचारा.

स्पर्धेचा विषय काही संस्थांच्या मनात असतो. केंद्राच्या शिक्षण आणि संरक्षण मंत्रालयांच्या वतीने प्रजासत्ताक दिनाच्या निमित्ताने शाळांसाठी राष्ट्रीय बँड स्पर्धा होते. त्यात ब्रास बँड आणि पाइप बँड, आणि मुला-मुलींचे वेगळे गट असतात. नाशिकच्या शाळेने तिथवर जावं असं मलाही वाटतं. ज्या शहराशेजारी देवळालीसारखी जुनी लष्करी छावणी आहे, ज्या शहरात पोलीस प्रबोधिनी आहे, तिथे चांगला बँड कसा वाजतो हे कानांना नवीन नाही. पण ऑगस्टमध्ये पाच सुरांसाठी झगडणारा बँड डिसेंबरपर्यंत फार तर जानेवारीतल्या जागी परत येतो. त्याच्या पुढे जायला त्याला वेळच मिळत नाही.

आणि २०२७ डोळ्यांपुढे ठेवा. सिंहस्थाच्या पर्वण्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये आहेत, म्हणजे बरोबर आपल्या तालमीच्या दिवसांत. त्या काळात पंचवटीतून कॉलेज रोडला येणं काय असतं ते २००३ आणि २०१५ पाहिलेल्या कोणालाही सांगायला नको. त्या वर्षी मुलांनी घरी वाजवलं तरच पंधरा ऑगस्टला बँड उभा राहील. ही सवय त्याच वर्षी एकदम लागणार नाही, तिची सुरुवात या उन्हाळ्यापासून व्हायला हवी.

वाद्यं कधी द्यायची याचं उत्तर माझ्या मते सोपं आहे. निकालाच्या दिवशी पालक शाळेत येतातच. त्याच दिवशी एका वर्गात टेबल मांडा, वही ठेवा, सही घ्या, वाद्य द्या. मुलं जास्त आणि वाद्यं कमी असतील तर अर्ध्या मुलांना पहिले तीन आठवडे आणि उरलेल्यांना पुढचे तीन आठवडे द्यावीत, माउथपीस मात्र सगळ्यांना. एका पानाचं संमतीपत्र मी मराठीत तयार करून ठेवलंय, त्यात वाद्याची काळजीही लिहिलीय. ज्या शाळेला हवं तिने मागून घ्यावं. मी ज्या शाळांत शिकवतो तिथे त्या दिवशी सकाळपासून थांबेन, त्याचं मानधन लावणार नाही. पिस्टनला तेल कसं घालायचं ते प्रत्येक पालकाला करून दाखवायला दोन मिनिटं लागतात. तेलाच्या बाटल्या तेवढ्या शाळेने आणून ठेवाव्यात, आणि कोणी खोबरेल घेऊन आलं तर दारातूनच परत पाठवावं.

आपला नम्र,
नाशिकच्या शाळांत बँड शिकवणारा एक शिक्षक